बाटलीवाल्यांचे बावीस अंश

धक्क्यावर कुजबुज होती की बाटलीवाले रोज सकाळी आपल्या बुडालेल्या थोरल्या भावाला दारू पाजतात. डोळ्यांनी पाहणारे होते ना! उजाडलं की हे गृहस्थ धक्क्याच्या पायऱ्यांवर बसायचे, दगड बांधलेली बाटली दोरीने पाण्यात सोडायचे, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि मग ती वर ओढून आत डोळा लावून बघायचे. भावाने किती घेतली, किती ठेवली, दुसरं काय बघणार? जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांनी तर भावाला कुठली आवडते तेही ठरवून टाकलं होतं.

बाटलीवाले गळाने मासे धरणारे. बोट लहान, अर्धी त्यांची, अर्धी मेहुण्याची. तरुणपणी एका वर्षी ढोमे मासे बारा दिवस उशिरा आले. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला, यांच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला : माशाला तारीख सांगतं कोण? त्या वर्षी पाण्यात उतरलं की पाय बधिर व्हायचे, एवढं त्यांना आठवत होतं. म्हणून त्यांनी घरातलं तापाचं थर्मामीटर समुद्रात बुडवलं. पारा जागचा हलेना.

"समुद्राला ताप नाही हो," बायको म्हणाली. "आता जेवून घ्या."

मग एका डेअरीतून दूध तपासायचं जुनं थर्मामीटर मिळवलं. बाटली तळाला टेकली की दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं, शंभर आकडे मोजायचे (पुटपुटणं ते हेच), आणि तळाचं पाणी वर काढून मोजायचं. आकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहायचे. बायकोने दोनदा पुसले, तिसऱ्यांदा तीच विचारायला लागली, "आज किती?" काही वर्षांत दार बोलू लागलं. तळाचं पाणी बावीस अंशांवर आलं की ढोमे खोल पाण्यातून खाडीच्या मुखाशी जमायचे, अंडी घालायला. तेव्हा गळाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पाचव्या दिवशी मोकळे झाले की भुकेने असे तुटून पडायचे, की आमिष लावायला हात पुरायचे नाहीत.

दार वर्षानुवर्षं खरं बोललं. गेल्या वर्षी मात्र बावीस झाले, पाचव्या दिवशी बोट गेली आणि रिकामी परत आली. यंदाही तेच.

"दाजी, आता पुरे," मेहुणा म्हणाला. "शेवटची एक खेप देतो. तीही कोरडी गेली तर बोट मी चालवणार. तुम्ही घरी बसून अंघोळीचं पाणी मोजा!"

बाटलीवाले दारासमोर स्टूल टाकून बसले. बोट गेली तर माणसाने सकाळी उठावं कशाला? आकडे पुन्हा पुन्हा वाचले. आकडे चोख, मासा गायब. तेवढ्यात बायको टोपल्या धुऊन आली आणि यांची नजर तिच्या हातांवर गेली.

"थंडीत तुझे हात फुटतात. यंदा नाही फुटले?"

"लग्नाला तीस वर्षं झाली, आज बरं लक्ष गेलं! गेल्या वर्षीही नव्हते फुटले. तुमच्या त्या पायऱ्यांवरच धुते ना मी. बर्फाचा कारखाना सुरू झाल्यापासून त्याचं तापलेलं यंत्र गार करून आलेलं पाणी तिथे सोडतात. छान कोमट असतं. आम्ही सगळ्याच जातो हात शेकायला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"अहो, रोज पाणी मोजणारे तुम्ही! तुम्हाला माहीत नसेल असं कुणाच्या मनात येईल?"

बाटलीवाल्यांनी चप्पलसुद्धा घातली नाही. होडी काढली, थेट खाडीच्या मुखाशी गेले, बाटली सोडली. साडेएकोणीस! म्हणजे यांनी दोन वर्षं समुद्राच्या नावाखाली कारखाना मोजला होता आणि आईबाप व्हायच्या आधीच माशांना जेवायला बोलावलं होतं.

मग रोज तिथेच. वीस. वीसच. एकवीस. मेहुणा धक्क्यावरून ओरडायचा, "काय दाजी, उकळी आली का?" अकराव्या दिवशी त्यालाच होडीत बसवून नेलं. पारा बावीसवर. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दाजींनी दांडा त्याच्या कानाला लावला.

मेहुण्याचा चेहरा बदलला. "खाली कुणीतरी दार ठोठावतंय."

"नर आहेत. माद्यांना बोलावतायत. आपल्याला पाचव्या दिवशीचं आमंत्रण."

पाचव्या दिवशी बोट परतली तेव्हा पाणी तिच्या काठाशी आलं होतं आणि मेहुण्याला बसायला जागा नसल्यामुळे तो उभा होता. बोट कोण चालवणार, हा विषय त्याने पुन्हा काढला नाही. उलट बाटलीला नवं बूच आणून दिलं.

बाटलीत दारू कधीच नव्हती, खाडीचं पाणी होतं. थोरला भाऊ बुडालेला नाही. तो बाजारामागच्या गल्लीत लाँड्री चालवतो.