पाच ओळींचा रेझ्युमे

सौदा मी बैलबाजारात शिकलो. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि जो आधी बोलला तो बुडाला. पुढे वीस वर्षं असोद्यापासून रावेरपर्यंत एका शेठजींसाठी बागांमधली केळी खरेदी केली, तेव्हाही तोंड मिटूनच. शेवटी त्याच शेठजींनी पदवीवाला भाचा माझ्या जागी बसवला. म्हणाले, ‘‘भाऊ, तुझा अनुभव कागदावर कुठे आहे?’’ ते वाक्य मला अजून जाळतं.

म्हणून रेझ्युमे केला तोही बाजाराच्या रीतीने. नाव, गाव, दहावी पास, ‘केळी व्यापाराचा अनुभव’. पाच ओळी. बाकीचं समोर बसल्यावर बोलू, आधीच सगळा माल कशाला उघडायचा? अर्जामागून अर्ज गेले. कोणी बोलावलंच नाही. घरात बायकोने विचारणंही सोडलं, ते जास्त लागलं.

धुळ्यातल्या एका कोल्ड स्टोरेजला केळीखरेदीचा माणूस हवा होता. या वयात अशी जाहिरात पुन्हा निघणार नव्हती. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या बाईकडे गेलो. तिने पाच ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला.

‘‘नाना, हाई काय? लगीनना बायोडाटा शे का?’’

‘‘तू टाइप कर. अक्कल शिकवू नको.’’

‘‘आधी कॉम्प्युटर वाचस, मंग मानूस. जाहिरातमधला शब्द नही सापडना का अर्ज बाजूला.’’

म्हणजे इतके दिवस मी यंत्रासमोर मौन धरून बसलो होतो! संताप आला, पण कोणावर काढणार?

तिने जाहिरात समोर ठेवली आणि एकेक शब्द विचारू लागली. ‘प्रोक्युरमेंट’ म्हणजे खरेदी. ती केली. ‘व्हेंडर मॅनेजमेंट’? शेतकरी सांभाळले, भावावरून भांडलो, पुढच्या कापणीला त्यांनीच फोन केले. ‘क्वालिटी इन्स्पेक्शन’? घड हातात घेतला की तो दिल्लीपर्यंत टिकेल की नाही ते सांगतो. ‘निगोशिएशन’ला, म्हणजे सौद्याला, ती स्वतःच हसली आणि न विचारता टाइप केलं. ओळी वाढत गेल्या. वीस वर्षं पडद्यावर दिसली.

शेवटचा शब्द होता ‘एक्सेल’.

‘‘हाई तुमले येस का?’’

‘‘लिही.’’

‘‘नाना, येस का?’’

खोटा माल दाखवणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी बागेत घेत नाही. पण हा एक शब्द नसला तर बाकीचे सगळे वाया.

‘‘मुदत कधीपर्यंत?’’

‘‘उद्या संध्याकाळ.’’

‘‘मग आज शिकव. उद्या परत येतो. जमलं तरच लिही.’’

तिने शिकवायची फी सांगितली. जास्तच होती. मी घासाघीस न करता खुर्ची पुढे ओढली.