दुपारी दोनची नोंद

या गटावरचे अनुभव मी नातीकडून वाचून घेतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसतो. जन्मभर आकड्यांवर पोट भरलेला माणूस मी. भुतंखेतं, भास... कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण माझ्या खोटेपणामुळे एका माणसाची नोकरी गेली, आणि ते सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आमचं घर बसवनगुडीत – पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले मराठी लोक आम्ही. मी हवामानाच्या कचेरीत निरीक्षक होतो. आवाराच्या टोकाला झडपांची एक पांढरी पेटी होती, तिच्यात फॅरेनहाइटचे दोन थर्मामीटर. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं. हवेत दमटपणा वाढला की ओल्याचा आकडा चढतो. उन्हाळ्यात दुपारी दोनला तो एकदम चढला, तर संध्याकाळी नंदीच्या डोंगरावर वादळी पाऊस होणार असं आम्ही धरायचो. त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी एका कोरड्या ओढ्यात बांधाचं काम चालू होतं, आणि मजुरांच्या झोपड्या पात्रातच होत्या. आकडा चढला की साहेबांनी तिकडे फोन करायचा, लोकांना वर काढायचं – एवढी साधी व्यवस्था.

आमचा शिपाई मुनियप्पा. फडकं ओलं ठेवणं हे त्याचं काम. त्याची मुलगी नागम्मा त्याच बांधावर माती वाहत होती.

मे महिना. मी सहकारी कुलकर्ण्याशी बुद्धिबळ खेळत बसलो होतो. दोन वाजले. कुलकर्णी बेळगावकडचा. म्हणाला, "जा की लेका, आकडा बघून ये. का वजीर जाईल म्हणून भ्यालास?"

"सकाळी सहासष्ट होता. आता काय वेगळा असणार?" असं म्हणून मी खुर्चीतूनच सहासष्ट लिहून टाकला. ऊन फार असलं की आम्ही सगळेच अधूनमधून असं करायचो.

तेवढ्यात मुनियप्पा धापा टाकत दारात आला आणि मला पाहून जागीच थबकला.

"स्वामी... तुम्ही आत कसे? आत्ता पेटीपाशी होता की!"

"उन्हानं डोकं फिरलं काय रे?"

"तुम्हीच म्हणालात – चौऱ्याहत्तर पॉइंट दोन. पळ, आत जाऊन सांग, नागम्मा ओढ्यात आहे."

मुनियप्पाला अक्षरओळख नव्हती. पॉइंट म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक नसावं. कुलकर्णी हसायचा थांबला. मी मात्र चिडलो. पेटी साठ पावलांवर होती... फक्त साठ. फडकं वाळलं तरी आकडा चढतो, खोटाच. मी तेच पकडलं.

"फडकं वाळवलंस तू. जा, पाणी घाल."

"आत्ताच घातलंय, स्वामी."

"सरी, सरी, ठीक आहे. जा आता."

साहेबांनी वहीत सहासष्ट पाहिला. फोन केला नाही.

शहरात थेंबही पडला नाही. डोंगरावर पडला. पाचच्या सुमारास ओढ्याला लोंढा आला आणि झोपड्या गेल्या. नागम्मा दुसऱ्या दिवशी सापडली, खाली बाभळीच्या काट्यांत अडकलेली.

चौकशी झाली. पेटीत दमटपणाची रेघ आपोआप काढणारं एक यंत्रही होतं, त्याची रेघ दोनच्या आधीच वर वळलेली. साहेबांनी तिच्यावरून हिशेब केला, चौऱ्याहत्तरच्या आसपास आला. "मग सहासष्ट कसा?"

मी म्हणालो, "साहेब, मी पेटीपाशी गेलो होतो. फडकं कोरडं दिसलं, म्हणून चढलेला आकडा धरला नाही, सकाळचाच लिहिला."

मुनियप्पाला बोलावलं. मुलीचे दिवससुद्धा झाले नव्हते. तो म्हणाला, "होय, स्वामी पेटीपाशी होते. मी डोळ्यांनी पाहिलं." फडकं ओलं होतं, असंही तो म्हणत राहिला. ते कुणी ऐकलं नाही. कुलकर्णी खाली मान घालून बसला. मुनियप्पाला कामावरून काढलं. मला पुढे बढती मिळाली.

फडकं ओलं होतं. त्या संध्याकाळी मी स्वतः बोट लावून पाहिलं होतं.

उन्हात त्याला भास झाला म्हणावं, तर आकडा कुठून आला? दुसरा कुणी होता म्हणावं, तर कचेरीत आकडा वाचणारे साहेब, कुलकर्णी आणि मी असे तिघंच, आणि तिघंही आत. मी त्या खुर्चीतून उठलो नव्हतो.

पुढे काही वर्षांनी मुनियप्पा गांधी बाजारात भेटला. फुलं विकत होता. मी चुकवून जाणार होतो, पण त्यानेच हाक मारली.

"स्वामी, एक विचारू? आत बसले होते ते तुम्ही. मग बाहेरचे कोण?"

"मला माहीत नाही, मुनियप्पा."

त्याने हातातली माळ पुडीत बांधली. मग म्हणाला, "कधी भेटले तर त्यांना सांगा – मुनियप्पा पळत गेला होता."

मी मान हलवली. आज नव्वदीला टेकलोय. ते मला अजून भेटलेले नाहीत.