भाऊजींचा टर्बो

आमच्या भाऊजींना या जगातली एकही वस्तू जशी मिळाली तशी वापरता आलेली नाही. विकत आणलेली चीज घरात आली की ते तिच्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे राहत. तो चेहरा दिसला की ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, आत जाऊन देवापुढे दिवा लावायची. भाऊजींची गोंदियात, तिरोड्याच्या रस्त्याला राईस मिल होती, त्यामुळे मोटारी, पट्टे, पंखे हाताशीच. एका उन्हाळ्यात घरच्या कूलरची हवा त्यांना कमी वाटली म्हणून त्यांनी मिलमधली कोंडा उडवायची मोटार कूलरला जोडली. त्या दिवशी जेवायला आलेल्या व्याह्यांच्या ताटातले पापड उडाले, त्यांची टोपी देव्हाऱ्यात जाऊन पडली, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलपासून थेट ऑगस्टवर गेलं. व्याही डोळे मिटून वरण कालवत होते. भाऊजी मात्र आनंदानं ओरडले, "आता कसं वाटून राहिलं जी?"

अशा माणसाच्या हाती स्पोर्ट्स कार लागली. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. नागपुरात कोणीतरी विकायला काढलेली, परदेशी बनावटीची, दोन दारांची, लाल आणि इतकी बसकी की गोंदियाच्या गतिरोधकांवरून ती पोटानं घसटत जायची. गाडीला मुळातच टर्बो होता. टर्बो म्हणजे काय हे मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस भाऊजींकडून शिकलो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटा पंखा फिरतो, आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. भाऊजींनी हे मला सांगितलं, आणि सांगता सांगताच ते कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघू लागले.

मोठा टर्बो बसवायला नागपूरला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. तिथला म्हातारा मिस्त्री सज्जन होता. त्यानं चष्मा पुसून सांगितलं, "सेठजी, टर्बो अकेला नहीं आता. पूरी बारात लेके आता है." ताकद वाढली की जुना क्लच घसरतो, रेडिएटर पुरत नाही, पेट्रोलचा पंप बदलावा लागतो, टायर रुंद लागतात. आणि सगळ्यात आधी ब्रेक. "पहले रोकने का इंतजाम, फिर भगाने का," असं म्हणून त्यानं यादीत ब्रेकच्या खाली दोन रेघा ओढल्या. भाऊजींनी मान डोलावली आणि यादी उलटीकडून वाचायला सुरुवात केली. पुढचे चार महिने आम्ही त्या यादीच्या मागे होतो. टर्बो आला, तर क्लच जळाला. क्लच बदलला, तर इंजिन तापायला लागलं. मोठं रेडिएटर घातलं, तर ते मावेना म्हणून पुढचा बंपर कापला. ब्रेकची पाळी आली तेव्हा पैसे संपले होते, आणि भाऊजींचा धीर तर त्याच्याही आधी.

"आपल्या गोंदियात थांबाले नवे ब्रेक कायले लागते?" ते म्हणाले. "गायी आहेत, ट्रक आहेत, फाटक आहे. माणूस आपोआपच थांबते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुझ्या ताईले हे ब्रेकचं सांगू नोको."

मी सांगितलं नाही. का, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. भाऊजींचा धाक नव्हता. खरं म्हणजे आयुष्यात कोणी मला विश्वासात घेऊन काही सांगितल्याचे प्रसंग फार थोडे. वर्गातली मुलंसुद्धा माझ्यापासून काही लपवण्याच्या भानगडीत पडत नसत. त्या गुपितानं मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. पण त्या मोठेपणानं माझी झोप उडवली. गोंदियाला लागूनच, फुलचूरला, माझ्या घरासमोर कोणी करकचून ब्रेक लावला की मी दचकून उठे, आणि कोणी लावला नाही की जास्तच दचके. फोन वाजला की आधी ताईचा चेहरा डोळ्यांसमोर येई. फळ्यावर एकदा 'समास' लिहायच्या जागी मी 'ब्रेक' लिहिलं.

ताईनं त्या गाडीत बसणार नाही असं जाहीर केलं होतं. पण त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी भाऊजींनी बोदलकशाच्या तलावावर जायचा हट्ट धरला, आणि ताई हिरवं लुगडं नेसून तयार झाली. मलाही सोबत घेतलं, मागे. मागची जागा म्हणजे दोन पिशव्या ठेवता येतील एवढी. दार उघडण्याआधी तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे गाडीचं?" भाऊजी काच पुसत होते. त्यांचा हात थांबला. "हो, ठीक आहे," मी म्हणालो. इतकं छोटं आणि इतकं जड खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.

जाताना भाऊजी सभ्यपणे चालवत होते. तलावाच्या पाळीवर आम्ही भजी खाल्ली, ताई कधी नव्हे ती मोकळेपणानं हसली, आणि मला वाटलं, आपण उगाच घाबरतो. परत येताना मात्र रस्ता मोकळा मिळाला. त्या मोठ्या टर्बोची एक खोड होती. पाय दाबला की आधी काहीच व्हायचं नाही. चालवणाऱ्याला वाटायचं, गाडीनं ऐकलंच नाही. मग एकाएकी पाठीत लाथ बसल्यासारखी ती उसळायची. भाऊजी दाबत, ती उसळे, वळण आलं की ते करकचून ब्रेक लावत, पुन्हा दाबत. "पाह्यलं का? पाह्यलं का?" असं ते ताईला विचारत होते. ताईनं डोळे मिटले होते. चारपाच वळणांनंतर जळक्या रबरासारखा वास आला. "भाऊजी, हळू," मी म्हणालो. "भेऊन कायले राहिला बे?" ते म्हणाले, आणि तेवढ्यात समोर रेल्वेचं फाटक खाली येताना दिसलं.

त्यांनी ब्रेक दाबला. तापलेल्या जुन्या ब्रेकवरचा पाय थेट तळाला गेला, गाडी तशीच धावत राहिली. फाटकापाशी दोन सायकलवाले आणि एक बैलगाडी उभी होती. भाऊजींनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि आम्ही रस्त्याखाली उतरून, पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवलेलं धान आडवं करत गेलो. चिखलानं आम्हाला धरलं. सगळं शांत झालं. फक्त टर्बो पाण्यात चर्र करत होता. बांधीचा मालक धुऱ्याच्या बांधावरून चालत आला, त्यानं वाकून आत पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सडक तं तिकडं आहे जी. इकडं कायले आलात?"

मी हसलो असतो, पण ताईचा उजवा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळलेला होता.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच मी तिला सगळं सांगितलं. भाऊजी कोपऱ्यात, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल घेऊन, स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. ती मला म्हणाली, "त्यायचं डोकं असंच आहे, हे मी पंचवीस वर्षं पाहून राहिली. पण मी तुले इचारलं होतं. तू काऊन नाही सांगितलं?" त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

भाऊजी मात्र दर रविवारी येत. बांधीवाल्याला भरपाई म्हणून आपल्याच मिलचा तांदूळ पोचवला, मोठा टर्बो आपल्या हातानं काढला, जुना बसवला, आणि ब्रेक नवे घातले, हे सगळं ते मला एखाद्या विद्यार्थ्यानं गृहपाठ दाखवावा तसं सांगत. ताईचं नाव आलं की चपला शोधायला लागत. मग भाऊबीज आली. मी घरातच बसून होतो. दुपारी भाऊजी दारात उभे राहिले. "चाल. तुझी ताई ताट घेऊन बसली आहे."

तिच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण जोर आला नव्हता. ओवाळताना ताट थरथरलं, निरांजन कलंडायला लागलं. भाऊजींनी मागून येऊन ताटाखाली आपला हात धरला, आणि मला दोघांनी मिळून ओवाळलं. "इचारलं की खरं सांगत जा," ताई म्हणाली. मी मान हलवली. भाऊजींनीही हलवली.

आता त्यांचं वय झालं आहे. कधी कधी मला घ्यायला तीच लाल गाडी घेऊन येतात आणि आम्ही दवनीवाड्याच्या बाजूला फिरायला जातो. सायकली आम्हाला ओलांडून जातात. वळण दिसायच्या आतच ते ब्रेकवर पाय ठेवतात आणि हळूच विचारतात, "मास्तर, जोरात तं नाही ना जाऊन राहिलो?" मी खरं तेच सांगतो, "नाही भाऊजी." दोन्ही बाजूंना धान डोलत असतं, रस्ता लांबवर रिकामा असतो, आणि माझ्यासारख्या जन्माच्या भित्र्या माणसाला, काय सांगावं, वाटून जातं की एकदा, फक्त एकदा, त्यांनी पाय थोडा दाबावा.