निम्म्याखाली थांबलेला काटा

"एवढंच लिहून द्या बागूल, की टेम्परेचर मीटर चालू होता," कुलथेसाहेब म्हणाले. "ड्रायव्हरने बघितलं नाही, ते पुढचं आम्ही लिहू."

आम्ही माझ्या गॅरेजसमोर उभे होतो, पेठ नाक्याजवळ. समोर टो करून आणलेली अ‍ॅम्ब्युलन्स होती. कुलथेसाहेब एका धर्मादाय दवाखान्याचे व्यवस्थापक. गाडी त्यांची, तिचं इलेक्ट्रिकचं काम माझ्याकडे. चार दिवसांपूर्वी पेठकडून पेशंट घेऊन येताना सावळघाटात तिचं इंजिन जाम झालं. छातीत कळ आलेला पंचेचाळिशीचा माणूस आत होता. दुसरी गाडी मिळायला सव्वा तास लागला. तो माणूस रस्त्यातच गेला.

ड्रायव्हर काशिनाथ गाडीच्या मागच्या पायरीवर बसला होता. त्याच दवाखान्यात चौदा वर्षं गाडी चालवतोय. नातेवाइकांनी तक्रार केली होती, कमिटीला उत्तर द्यायचं होतं आणि मीटरचा काटा लाल पट्ट्यावर गेला तरी याने गाडी हाणली, असं कमिटीने जवळजवळ ठरवलंच होतं. माझा कागद मिळाला की त्याची नोकरी जाणार होती, आणि पोलिसांतही त्याचंच नाव जाणार होतं.

"काय झालं रे?" मी त्याला विचारलं.

"घाटात गाडी वढंना, भाऊ. म्हनून काटा पायला. निम्म्याच्या खालीच हुता. म्हटलं, इंजान थंड हाय, लोडनं दमली आसंल. मागं त्याची बायको रडत हुती. थांबू कसा?"

ड्रायव्हर लोक असंच म्हणतात. इंजिन जाळून आणलेला एकही माणूस मला आजवर काटा वर होता असं म्हणालेला नाही. तेव्हा मी त्याचं ऐकलं आणि मनातून सोडून दिलं. मेकॅनिकने इंजिन आधीच पाहिलं होतं. रेडिएटर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्मा चोंदला होता. सपाटीवर निभावलं, चढावर इंजिन तापलं. म्हणजे काटा वर जायलाच हवा होता.

ही जुनी गाडी. नव्या गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर सांभाळतो. जुन्यांत मामला साधा असतो. इंजिनमध्ये पाणी खेळतं, त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर स्क्रूसारखा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. आम्ही त्याला सेंडर म्हणतो. पाणी तापलं की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, करंट जास्त वाहतो आणि डॅशबोर्डवरचा काटा वर चढतो. सेंडरला वायर एकच. परतीचा रस्ता म्हणजे त्याचं स्वतःचं लोखंडी अंग, जे इंजिनला टेकलेलं असतं. त्यालाच अर्थिंग म्हणायचं.

पहिली टेस्ट मीटरची. सेंडरची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा सरळ लालच्या टोकाला गेला. मीटर उत्तम, वायर उत्तम.

"बघा!" कुलथेसाहेब म्हणाले.

"सेंडर राहिलाय अजून."

सेंडर खोलून काढला. आट्यांवर पांढरी टेप होती, नळाला लावतात ती. मीच लावलेली. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या सेंडरमधून पाणी झिरपत होतं म्हणून मी नवा बसवला आणि परत गळू नये म्हणून दोन वेढे टेपचे दिले. तिच्याकडे मी बघितलं आणि पुढे गेलो. आपल्या हातचं काम माणूस कशाला तपासतो?

स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं. सेंडरला त्याची वायर जोडली, त्याच्या लोखंडी डोक्याला क्लिप लावून ती बॅटरीच्या निगेटिव्हला दिली, खालचं टोक पाण्यात सोडलं. पाणी तापत गेलं तसा काटा चढत गेला. उकळी फुटली तेव्हा लालला टेकला होता. सेंडरही उत्तम.

"झालं ना समाधान?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "चारला मीटिंग आहे. मी नाक्यावर चहा घेऊन येतो, तोवर तुमच्या लेटरहेडवर लिहून ठेवा."

ते गेले. मी सेंडर परत इंजिनात बसवला आणि काम संपवताना करतो तसं मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या डोक्याला, दुसरी इंजिनला लावली. लोखंडाला लोखंड टेकलेलं, म्हणजे अडथळ्याचा आकडा शून्य हवा. शून्य नव्हता. भलताच मोठा होता आणि सेंडरला हात लावला की हलत होता.

मला टेप आठवली.

टेप प्लास्टिकची. तिने पाणी अडवलं आणि करंटही अडवला. आटे कुठेतरी घासून जेमतेम टेकत होते, तेवढाच करंट जात होता. म्हणून काटा हलायचा, पण खोटा. पातेल्यात मी क्लिप थेट डोक्याला लावली होती, टेप मधे आलीच नाही. तीन आठवड्यांपूर्वी गाडी चालू करून बघितली तेव्हा काटा निम्म्याच्या खाली थांबला होता, आणि मी काशिनाथला म्हणालो होतो, "बघ, नवीन सेंडर, कसं थंड चालतंय." अर्थिंग तपासली नव्हती. गाडीला कॉल आला होता, तो घाईत होता आणि मीही त्याला जाऊ दिलं. बत्तीस वर्षं हे काम करतोय मी. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला चार माणसांत फाडून खाल्लं असतं.

खरं सांगतो, पहिला विचार टेप खरवडून काढायचाच आला. एक मिनिटाचं काम. नंतर कोणीही तपासलं असतं तरी सगळं उत्तमच निघालं असतं. मी सेंडर पुन्हा सैल केलासुद्धा.

तेवढ्यात काशिनाथ आत आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"भाऊ, सायेब म्हनले, सही कर, मिटून जाईल. वाचून दाखवता का काय लिव्हलंय?"

मी वाचला. काटा लालवर गेला तरी मी गाडी थांबवली नाही, असं त्यात त्याच्या नावाने लिहिलं होतं.

"करू का सही?" तो म्हणाला. "चार दिस झोप नाय. आता मलाच वाटाया लागलंय, काटा वर आसंलही. माझंच ध्यान नसंल. तुमी तपासलं, मीटर चांगलाच निघाला ना?"

मला त्याच्याकडे बघवेना. माझी चूक तो स्वतःहून अंगावर घ्यायला निघाला होता, आणि तीही माझ्यावर विश्वास ठेवून.

"काशिनाथ, काटा वर गेलाच नव्हता," मी म्हणालो. "तू बघितलं तेच खरं. चूक माझी आहे." आणि सेंडर परत आवळून त्याला मल्टिमीटर लावून दाखवलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

लेटरहेडवर मी सगळं लिहिलं, टेपसकट. कुलथेसाहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं.

"बागूल, कळतंय का काय लिहिताय? उद्या पोलीस तुमच्याकडे येतील."

"येऊ द्या."

"टेपचं गाळा हो. कोण विचारतंय?"

"मग काशिनाथवर जातं."

ते कागद घेऊन गेले.

पोलीस आले, दोनदा जबाब झाला, चौकशी अजून चालू आहे. दवाखान्याने माझं काम बंद केलं, ते बरोबरच केलं. काशिनाथची नोकरी राहिली, पण त्याने गाडी चालवणं सोडलं. आता दवाखान्याच्या गेटवर बसतो.

महिन्याभराने, घाटात गेलेल्या त्या माणसाचा भाऊ गॅरेजवर आला. मी त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही. काटा खरा असता तर काय झालं असतं, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं, "घाटाच्या पायथ्यालाच गाडी थांबवली असती, तिथूनच दुसरी बोलावली असती. पंधरा-वीस मिनिटं तरी वाचली असती. तो जगला असता का, ते मला सांगता येत नाही." त्याने मान हलवली. मला वाटलं, आता हात उचलेल. मी तयार होतो.

"ती गाडी आता नीट केली का?" तो म्हणाला. "आमच्या पाड्यावर तीच येती."

मी दवाखान्यात फोन करून विचारलं आणि त्याला खात्रीने सांगितलं, केली आहे. सेंडरच्या आट्यांना टेप लावायची नसते. गळत असेल तर खालचा तांब्याचा वॉशर बदलायचा, आणि गाडी कितीही घाईत असली तरी अर्थिंग तपासल्याशिवाय सोडायची नाही.