पस्तीस मिनिटांत तेवीस दोष

आमचे शेजारी ढुंढिराज गायधनी महासंशयी. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली तरी हे आठ दिवस जिन्यानेच. तीस वर्षं एका बंदरात जहाजं तपासली. माणूस निवृत्त झाला, सवय नाही झाली. मी नोटरी. माझ्या शिक्क्याची तारीखसुद्धा ते चष्मा पुसून बघायचे. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू!

त्यांची मुलगी सई भूमध्य समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेच्या जहाजावर नर्स आहे. युरोपातल्या एका बंदराने ते जहाज सुरक्षेच्या नियमांखाली अडकवलं. वाचवलेली एकशे अठरा माणसं प्रवासी धरली आणि ‘क्षमतेपेक्षा जास्त’ असा ठपका ठेवला. वर बावीस दोष आणखी. संस्था कोर्टात गेली. तिकडे होड्या बुडतच होत्या आणि सईचं जहाज धक्क्याला बांधलेलं.

गायधनी काकांचा पहिला संशय संस्थेवरच. “फुकट कोण कुणाला वाचवतं? पाणी कुठंतरी मुरतंय.”

सईने चिडून तपासणीचा अहवाल आणि जहाजावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदवहीचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी काका कागद घेऊन माझ्याकडे हजर.

“अधिकारी दहा पाचला चढला, दहा चाळीसला उतरला. पस्तीस मिनिटांत तेवीस दोष? नुसती लाइफबोट खाली सोडून बघायला तास जातो. यादी आधी लिहिली, जहाज मग बघितलं.”

संस्थेच्या वकिलांना जाणकाराचं प्रतिज्ञापत्र हवंच होतं. त्यांनी एवढंच विचारलं, अधिकारी असं करतात हे तुम्हाला कशावरून माहीत? त्यावर काका चार दिवस फिरकले नाहीत. आता मला संशय यायला लागला.

पाचव्या दिवशी आले ते खुर्चीच्या टोकावर बसले. “माझा भाऊ रामकुंडावर उपाध्या. यजमान समोर बसल्याशिवाय आमच्या वंशावळीच्या वहीत त्याचं नाव चढत नाही. त्या घरातला मी. एका गलबताच्या मालकाने आमच्या साहेबाविरुद्ध तक्रार केली होती. साहेब म्हणाले, अडकवा. मी अकरा दोष घरी बसून लिहिले, मग गलबतावर गेलो.”

“काका, हे लिहून दिलंत तर अब्रू जाईल.”

“नाही दिलं तर माझं बोलणं नुसता अंदाज ठरेल. टाईप करा.”

मी टाईप केलं. त्यांनी सईला व्हिडिओ कॉल लावून सगळं वाचून दाखवलं, सही केली. मी शिक्का मारला. तारीख त्यांनी बघितली नाही.

सई म्हणाली, “बाबा, त्या गलबतवाल्याचं पुढे काय झालं?”

काकांनी चष्मा काढून हातात धरला.

“विचारलं नाही गं,” ते म्हणाले. “तेवढं एक मी कधी विचारलं नाही.”