दुसऱ्याचा पणजा

आखातातल्या राई नावाच्या गॅरेजवस्तीत, आपल्या सीट-कव्हरच्या दुकानात, एखादी जर्मन गाडी आली की रियाज होडेकर कारागिराला मागे सारून स्वतः पुढे व्हायचा. बॉनेटवरून हात फिरवायचा आणि मोडक्या अरबीत गिऱ्हाइकाला सांगायचा, "माझा पणजा या गाडीच्या मुलखात राहून आलाय." बहुतेक गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि काम कधी होईल ते विचारायची. एकानं मात्र विचारलं, "कुठल्या गावात?" आणि रियाज फडकं घेऊन बॉनेट पुसू लागला.

कारण गाव त्याला ठाऊकच नव्हतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडखाडी नावाचं त्याचं गाव. तिथे होडेकरांच्या घराला सगळे 'जर्मनचं घर' म्हणतात आणि त्याचा पणजा हसन 'जर्मन हसन' म्हणूनच ओळखला जायचा. पणजा खलाशी होता, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकला, तिथल्या एका खेड्यात राहिला, असं रियाज लहानपणापासून ऐकत आला होता. कोणाकडून ऐकलं, हे आठवत नव्हतं. त्या रात्री फरवानियातल्या फ्लॅटवर येऊन तो बायकोला, मुमताजला, म्हणाला, "गाव शोधायचा."

"आधी गॅसवाल्याचा नंबर शोध," मुमताज म्हणाली.

मुलगी अफ्रीन बारावीला होती. बापाशी ती इंग्रजीत बोलायची आणि बाप तिला मराठीत उत्तर द्यायचा. तिनं चार दिवस लॅपटॉपवर खाटखूट करून एवढं काढलं, की लढाई पेटली तेव्हा हॅम्बुर्ग बंदरात अडकलेल्या जहाजांवरचे काही हिंदी खलाशी आसपासच्या खेड्यांत शेतावर कामाला पाठवले होते. मग बापलेकीनं मिळेल त्या ग्रामपंचायतीला आणि मिळेल त्या दफ्तरखान्याला एकच ईमेल पाठवायचा सपाटा लावला. 'माझे पणजोबा हसन, गाव माडखाडी, आपल्याकडे राहिले होते काय?' जर्मन लोक भलतेच सभ्य. नाही म्हणायलासुद्धा ते दोन पानं लिहायचे. एका गावानं तर नाही म्हणून वर आपल्या चर्चच्या दुरुस्तीला मदत मागितली.

आणि मग आल्टेनमूर नावाच्या खेड्यातून उत्तर आलं. तिथला दफ्तरखाना म्हणजे अग्निशमन बंबाच्या शेडवरची एक खोली. ती सांभाळणाऱ्या रेनाटे लूडर्सबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'हसन नावाचा हिंदी खलाशी आमच्या गावात राहिला होता. त्याच्या गावाचं नाव माडकारी असं लिहिलं आहे. ज्या घरात तो राहिला, ते घर अजून उभं आहे. तुम्ही त्याला एवढ्या उशिरा का शोधताय?'

शेवटच्या वाक्यानं रियाजला शाळेत उठून उभं केल्यासारखं वाटलं. पण पहिली दोन वाक्यं त्यानं दुकानात, मशिदीबाहेर, खालच्या बकाल्यात म्हणजे वाण्याच्या दुकानात, जो सापडेल त्याला वाचून दाखवली. बकाल्यातला मल्याळी मुलगा तर रियाजला बघितलं की आधीच म्हणायचा, "हां भाई, जर्मनी मालूम है."

पुढच्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल ठरला. रियाजनं इस्त्रीचा शर्ट घातला, मुमताजनं सोफ्यावरची चादर बदलली. पडद्यावर लूडर्सबाई आल्या आणि त्यांच्या शेजारी एक लांबुळक्या चेहऱ्याचा म्हातारा. तो हाइनरिश. घर त्याचं. हसन त्याच्या आजीकडे गोठ्यात कामाला होता. म्हातारा जर्मनमध्ये बोलायचा, बाई इंग्रजीत सांगायच्या.

"हाइनरिश म्हणतो, हसन माणूस फार चांगला. त्याच्या आजीची त्याच्यावर माया होती. हाइनरिशचे वडील तेव्हा लहान होते. ते हसनच्या हातांवर आकडे शिकले."

"माशाल्ला!" रियाज म्हणाला.

"त्यामुळे शाळेत पंचाईत झाली. त्या घरातली सगळी मुलं हाताच्या बोटांवर अकरापर्यंत मोजायची."

रियाज हसला. मग थांबला. "अकरा का?"

बाईंनी म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं उजवा हात कॅमेऱ्यापुढे धरला आणि करंगळीच्या बाहेरच्या बाजूला दुसऱ्या हाताचं बोट लावून दाखवलं. हसनला त्या हाताला सहा बोटं होती.

सोफ्यामागून मुमताज मराठीत म्हणाली, "बोट तर खलफ्यांचं."

माडखाडीत सहावं बोट एकाच घरात चालत आलेलं आहे, आणि ते म्हणजे होडेकरांच्या समोरचे खलफे. त्यांचा सर्फराज इथेच, मीना अल-अहमदीला रिफायनरीत फोरमन होता. रियाजचं आणि त्याचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि तेही त्या बोटापायीच. कोकणवाल्यांच्या क्रिकेटच्या सामन्यात सर्फराज अंपायर होता. त्यानं बोट वर करून रियाजला रनआउट दिलं. रियाजनं भर मैदानात विचारलं, "कुठल्या बोटानं दिलास रे? जास्तीच्या बोटानं दिलेला आउट मी मानत नाय." मैदान हसलं. सर्फराज हसला नाही.

कॉल संपल्यावर रियाज म्हणाला, "आमच्यातही असेल पूर्वी बोट. पुढे बंद झालं असेल."

"नळ आहे का तो, बंद व्हायला?" मुमताज म्हणाली.

शेवटी त्यानं गावी रहिमाफूफीला फोन लावला. फूफी म्हणजे त्याच्या बापाची थोरली बहीण, घरातलं सगळ्यात जुनं माणूस.

"फूफी, आपला पणजा जर्मनीला गेला होता ना?"

"कोण, माझा आजा? तो होडीतनं समोरच्या बंदरापर्यंत जायचा तर उलट्या करायचा."

"मग त्याला जर्मन का म्हणायचे?"

"अरे बाबा, जर्मनची भांडी विकायचा तो! टोप, तपेल्या, झाकण्या. ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणायचे ना सगळे. गावात पहिल्यांदा त्यानंच आणली."

रियाजनं कपाळावर हात मारला. "आणि एवढी वर्षं मी सांगत होतो ते?"

"तुला पणजा जर्मनीत हवा होता. म्हटलं, राहू दे त्याला तिथे. कोणाचं काय जातंय?"

त्यानंतर दुकानात एक जर्मन गाडी आली तर रियाजनं कारागिराला हाक मारली आणि स्वतः धागे मोजत बसला. लूडर्सबाईंचे ईमेल येत होते. गावात सगळ्यांना कळलंय, हाइनरिशनं हसनची खोली झाडून घेतली आहे, उन्हाळ्यात या. रियाज उत्तर देईना. अफ्रीन म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम." मुमताज त्याहून स्पष्ट बोलली.

"दुसऱ्याचा पणजा किती दिवस घरात ठेवून घेणार आहेस? ज्याचा आहे त्याला देऊन ये."

मग एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, रियाज अफ्रीनला घेऊन मंगफला सर्फराजच्या खोलीवर गेला. सर्फराज लुंगीवर दारात आला. रियाजला बघून त्यानं अफ्रीनला आत घेतलं आणि रियाजला तिथेच उभं ठेवलं.

"काय काम?"

रियाजनं वाटेत वाक्य ठरवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "तुझ्या बोटाबद्दल बोलायचं होतं."

दार लागलं. आत अफ्रीनची आणि सर्फराजची बडबड बाहेर ऐकू येत होती. तिनं त्याला कॉलचं रेकॉर्डिंग दाखवलं असावं, कारण बराच वेळ म्हाताऱ्या हाइनरिशचा आवाज येत राहिला. मग दार उघडलं. सर्फराजच्या हातात रियाजसाठी खुर्ची होती.

"आमच्या पणजाचं नावही हसनच. बोटीवर गेला तो मेला म्हणून दुवा मागून झाली होती घरात," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी परत आला. कुठे होतास विचारलं तर म्हणायचा, गुरांमध्ये होतो. कोणी पुढे विचारलं नाही. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय." मग म्हणाला, "आम्ही म्हशीला 'कोम, कोम' करून बोलावतो. गावात दुसरं कोणी करत नाही. त्यानंच लावलेली सवय."

अफ्रीन किंचाळलीच. "कोम इज जर्मन! इट मीन्स कम!"

सर्फराजनं डोळे पुसले आणि रियाजकडे न बघता म्हणाला, "रनआउट तू होतासच."

"तेवढं राहू दे," रियाज म्हणाला. "पण बोटाबद्दल बोललो ते चुकलंच माझं."

आता जायचं सर्फराजनं. पण नेमक्या त्याच वेळी रिफायनरीचं शटडाउन निघालं. युनिट बंद करून दुरुस्ती चालू असताना फोरमनला कोण सोडतो? आल्टेनमूरमध्ये बँडवाल्यांनाही सांगून झालं होतं. सर्फराज म्हणाला, "तू जा. शोधलास तूच ना?" दोघांची ही बैठक मुमताजसमोर झाली आणि तिनं लगेच खजुराचे डबे भरायला घेतले.

त्या जुलैत रियाज आणि अफ्रीन आल्टेनमूरला पोचले तर बंबाच्या शेडपुढे पन्नासेक माणसं, बँड, आणि टेबलावर सात तऱ्हेचे केक. रियाज अफ्रीनच्या मागे सरकला. लूडर्सबाईंना त्यानं ईमेलमध्ये खरं कळवलं होतं, पण त्यांनी ते गावाला सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. हाइनरिश काठी टेकत पुढे आला, रियाजचे दोन्ही हात हातात घेतले आणि निरखून बोटं मोजली. दहा. म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"मी हसनचा पणतू नाही," रियाज इंग्रजीत म्हणाला. "त्याला रजा मिळाली नाही."

बाईंनी भाषांतर केलं. हाइनरिशनं विचारलं, "मग तुम्ही कोण?"

रियाजनं क्षणभर विचार केला. "समोरच्या घरातला. शेजारी."

ते सगळ्यांना ताबडतोब पटलं. त्या गावात शेजाऱ्याचं काम शेजाऱ्यानं करायचं हे ठरलेलंच असावं. बँड वाजू लागला.

हसनची खोली गोठ्यावर होती. छप्पर ठेंगणं, खिडकी एक, खाली गाई. थंडीत त्यांची ऊब वर येते, म्हणून आजीनं त्याला मुद्दाम तिथे झोपायला दिलं होतं. रियाजनं तिथून सर्फराजला व्हिडिओ कॉल लावला. तो जेवणाच्या सुट्टीत, कव्हरॉल घालून, रिफायनरीच्या गेटबाहेर सावलीला बसला होता. रियाजनं फोन सगळीकडे फिरवला. सर्फराजनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "खिडकीतून काय दिसतं ते दाखव." खिडकीतून गवत दिसत होतं, लांबपर्यंत. "हे बघत बसायचा तर," सर्फराज म्हणाला, आणि मग, "पण हिवाळ्यात काय करत असेल रे हा, समुद्र नाही, काही नाही?" रियाजनं फोन खाली गाईंकडे वळवला.

आता हाइनरिशला माडखाडी बघायची आहे. जानेवारीत तो आणि लूडर्सबाई येणार. पाहुण्याला ठेवायचं कोणाकडे, यावरून रियाज आणि सर्फराजची तासन्‌तास फोनवर भांडणं झाली. हसनचं घर आमचं, हा सर्फराजचा मुद्दा. कमोड आमच्याकडे, हा रियाजचा. प्रकरण रहिमाफूफीकडे गेलं. तिनं निकाल दिला, झोपेल खलफ्यांकडे, जेवेल होडेकरांकडे, आणि कमोड दोघांनी वाटून घ्या. तिला एकच काळजी होती. "काट्याचा मासा येतो काय रे त्याला? नसेल येत तर आतापासून शिकवा. इथे येऊन घशात अडकला तर नाव आमचं जाईल."

म्हणून सध्या दर शुक्रवारी फरवानियात रियाज तळलेला बांगडा पुढ्यात घेऊन फोनसमोर बसतो. शेजारी सर्फराज बसतो आणि रियाज कसा चुकीचा काटा काढतोय ते सांगत राहतो. पलीकडे हाइनरिश नाकावर चष्मा लावून, काटासुरी बाजूला सारून, बोटांनी कसलासा मासा उलगडत असतो आणि एकेक काटा ताटाच्या कडेला नीट ओळीत लावतो. लूडर्सबाई भाषांतर करता करता थकतात. परवा त्याचा अख्खा मासा एका बाजूनं साफ झाला, तेव्हा मुमताजनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आता उलटा करायला सांग, दुसरी बाजू राहिली."