शनिवारची मोसंबी

शुक्रवारी जेवताना मी पुरी का फुगते हे सांगायला लागलो आणि माझ्या मुलीने तोंडाजवळ नेलेला घास परत ताटात ठेवला.

"बाबा, ही पुरी मी खाऊ, की आधी तिची परीक्षा होणार आहे?"

"खा ना. मी फक्त एवढंच म्हणत होतो, की आत जी वाफ असते, ती..."

"आई! बघ ना!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती वाशीच्या एका बँकेत काम करते. समोरचा माणूस किती वेळ बोलणार आहे हे तिला त्याच्या पहिल्या वाक्यावरून कळतं. तिने माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली. तोंड बंद करण्याची ही तिची जुनी पद्धत.

पण मुलीचं समाधान झालं नाही. हात न धुताच तिने जाहीर केलं, "मी ठरवलंय. जूनपासून मी शाळेत जाणार."

आमची मुलगी दहा वर्षांची आहे आणि ती शाळेत जात नाही. दुसरीत असताना रोज सकाळी बसची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. बस गेली की थांबायचं. डॉक्टर झाले, काढे झाले, आजीने दृष्ट काढून झाली. शेवटी मीच तुर्भ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि तिला घरी शिकवायला लागलो. आपण मुलीचं भलं केलं की वाटोळं, हा प्रश्न मी तेव्हापासून रोज दाढी करताना आरशाला विचारतो. आरसा काही बोलत नाही. सोसायटीतले लोक मात्र बोलतात.

"का गं, शाळेत का?" मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"शाळा दीड वाजता सुटते. तू कधी सुटतोस?"

मी फ्रिजकडे बघितलं. घरच्या शाळेला वेळापत्रक आहे, ते फ्रिजवर लावलेलंही आहे. नाश्ता झाला की गणित, मग मराठी, मग विज्ञान आणि जेवणाआधी इंग्रजी. कागदावर दुपारी सगळं संपतं. पण कारखान्यात मी माल तपासायच्या खात्यात होतो, त्यामुळे दिसेल ती वस्तू उचलून तिच्यात काय आहे ते बघायची माझी खोड जात नाही. दुपारी पंखा लावला की वारा. संध्याकाळी भाजी आणायला गेलो की अपूर्णांक. एकदा तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेऊन मी तिला वजनाचा अख्खा धडा दिला होता. ट्रकवाले चहा प्यायचे थांबून ऐकत होते. मला वाटलं होतं तिला मजा आली. परतताना रिक्षात ती झोपली, हेही मी समाधानाची झोप म्हणूनच धरलं.

"शेजारच्या सेक्टरमधल्या शाळेत जागा आहे म्हणे," बायको शांतपणे म्हणाली. "सोमवारी जाऊन विचारता येईल."

म्हणजे मायलेकींचं आधीच बोलणं झालेलं होतं! मी पुरी ठेवून दिली. माझा चेहरा बघून बायकोला दया आली असावी, कारण तिनेच तोडगा काढला.

"असं करू. शनिवार-रविवार या घरात कोणी कोणाला काही शिकवायचं नाही. सोमवारी सकाळचा चहा होईपर्यंत. तुला जमलं, तर ही घरीच शिकेल. नाही जमलं, तर शाळा."

"जमणार नाही," मुलगी म्हणाली आणि तिने ती पुरी एका घासात संपवली.

शनिवारी मी मुद्दाम उशिरा उठलो. झोपलेला माणूस कोणाला काय शिकवणार? बाहेर आलो तर मुलगी बाल्कनीत पाय पसरून बसली होती. आमच्या बाल्कनीतून दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक चिंधी दिसते. तिथे पाणी चढलेलं होतं.

"आई," ती मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाडीला भरती का येते माहितेय? सगळे मासे एकदम पाण्यात उडी मारतात म्हणून."

"हो का?" आतून बायको म्हणाली. "मग ओहोटी?"

"मासे बाजारात जातात ना, तेव्हा."

मी चहाचा घोट गिळला. जीभ भाजली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं हे मला नंतर कळलं.

मग तर तिला ऊतच आला. चंद्र सूर्यापेक्षा मोठा असतो, कारण तो रात्री दिसतो. झुरळ हा पक्षी आहे. सातारा समुद्राकाठी आहे. एकेक वाक्य ती माझ्यासमोर टाकायची आणि थांबायची. मांजर उंदराला पंजा मारून थांबतं ना, तशी. मी कधी बेडरूममध्ये जात होतो, कधी बाथरूममध्ये. आंघोळ तर मी दोनदा केली.

खरं सांगायचं तर तो दिवस सुखाचा असायला हवा होता. बायकोला सुट्टी, कुकरमध्ये खिचडी, कुठे जायचं नाही, कोणी येणार नाही. त्या दोघी गादीवर आडव्या पडून एकमेकींच्या नखांना रंग लावत होत्या. मला मात्र बसवेना. भरतीचं ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात रुतलं होतं. माझी मुलगी खरंच असं समजत असेल तर? ती चेष्टा करते आहे हे मला कळत होतं. पण दहा टक्के शंका होतीच, आणि माझ्यासारख्या माणसाला तेवढी पुरते.

दुपारी दोघींचा डोळा लागलासा वाटला. मी फळांच्या टोपलीतून एक मोसंबी घेतली, ओट्यावरचं एक लिंबू घेतलं आणि चप्पल हातात धरून जिना उतरलो.

खाली गुलमोहराखालच्या बाकावर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. मी शेजारी बसलो.

"आजोबा, ही पृथ्वी समजा," मी मोसंबी पुढे केली.

"समजली," ते म्हणाले.

"आणि हा चंद्र. आता हा चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो..."

मी मोसंबी फिरवली, लिंबू फिरवलं. भरती रोज थोडी उशिरा का येते, अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त का चढतं, सगळं सांगितलं. घाम आला होता, पण छातीवरचं ओझं उतरलं. आजोबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. असा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता.

"कळलं ना?" मी विचारलं.

"कळलं. मी आयुष्यभर भूगोलच शिकवत होतो." त्यांनी माझ्या हातातली पृथ्वी घेतली आणि सोलायला सुरुवात केली. "पण तू छान सांगतोस. फक्त थांबत नाहीस."

वर आलो तेव्हा दोघी तशाच झोपलेल्या होत्या. मी लिंबू जागेवर ठेवलं. मोसंबी एक कमी झाली होती, पण फळं कोण मोजतं? आपण पकडले गेलो नाही याचा मला आधी आनंद झाला, आणि चहा उकळेपर्यंत त्याची लाज वाटायला लागली. मुलीला खोटं बोलू नये म्हणून शिकवणारा मी चप्पल हातात घेऊन जिना उतरलो होतो! पण कबूल केलं तर सोमवारी शाळा. चहात साखर घालायची विसरलो.

रविवारी सकाळी दारात सारसोळ्याची मावशी आली. दर रविवारी ती आमच्या मजल्यावर मासे घेऊन येते. मुलगी माझ्याआधी दाराशी पोचली. टोपलीत बोंबील होते.

"मावशी, बोंबील म्हणजे सापाचं पिल्लूच ना?"

मावशीचा हात हवेतच थांबला. "अगो बाय माजे! सापाचा पिल्लू? तुजा बापूस घरान शाला घेतो ना? काय शिकवतो त तुला?"

मी दाराची चौकट घट्ट धरली. बोंबलाबद्दल मला पुष्कळ माहिती आहे. त्यातला एक शब्दही बाहेर पडला नाही.

"काय झालाय दादाला? आज बोलत नाय तो?" मावशीने बायकोला विचारलं. "एरवी त मलाच मासं शिकवतो. बरा नाय का भांडान झालाय?"

"उपास आहे त्यांचा," बायको म्हणाली. "बोलण्याचा."

"मंग दर आयतवारी धरा गो," मावशी म्हणाली आणि खूश होऊन दोन बोंबील जास्तीचे टाकले.

बायको स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून हसत होती. मुलगीही आत पळाली. बाहेर एकटा उभा राहून त्यांचं हसणं ऐकताना मला जाणवलं, की या घरात एवढं मोठ्याने हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. किंवा झालं असेल, मी त्यावर काहीतरी समजावून सांगितलं असेल.

तळलेले बोंबील आणि गरम भात खाऊन आम्ही जमिनीवरच लवंडलो. पंखा फिरत होता. पंख्याबद्दल मी काही बोललो नाही. बोलावंसं वाटलंही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. थोड्या वेळाने मुलीने पत्त्यांचा कॅट आणला.

"गड्डा झब्बू. येतो ना तुला?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. लहानपणी आमच्या घरी पत्त्यांना बंदी होती.

बायकोने चार वाक्यांत खेळ सांगितला. ज्या रंगाचं पान पडेल त्याच रंगाचं टाकायचं. तो रंग हातात नसला तर दुसरं काहीही टाकायचं, तो झब्बू. मग त्या रंगाच्या पडलेल्या पानांत ज्याचं सगळ्यात मोठं, त्याने सगळी पानं उचलायची. ज्याचे पत्ते आधी संपतील तो सुटला.

"हे शिकवणं झालं," मी म्हणालो.

"पंच मी आहे. पंचाला चालतं," बायको म्हणाली.

मी हरलो. पुन्हा हरलो. दर वेळी पत्त्यांचा ढीग माझ्याच मांडीवर. तिसऱ्या डावात मी अजूनही एक राजा हातात दाबून ठेवतोय हे मुलीने पाहिलं आणि तिला ते सहनच झालं नाही. ती गुडघ्यांवर उभी राहिली.

"अरे बाबा, असं नाही! मोठी पानं कशाला जपून ठेवतोस? एक्का, राजा आधी टाकून द्यायचे, सगळ्यांकडे तो रंग असतो तोपर्यंत. शेवटी ठेवलेस की कोणीतरी झब्बू देतं आणि तुझंच पान मोठं असतं. हे बघ, समजा तुझ्याकडे इस्पिकचा एक्का आहे." तिने माझ्या हातातले काही पत्ते काढून फरशीवर मांडले. "आईकडे इस्पिक संपलंय. आता मला सांग, काय होईल? नीट विचार कर. घाई नाही."

'आता मला सांग' हे माझं. 'नीट विचार कर, घाई नाही' हेही माझंच. तिची भुवईसुद्धा माझ्यासारखी वर गेली होती.

बायकोने टाळी वाजवली. "शिकवलंस! या घरात कोणी कोणाला शिकवायचं नाही असं ठरलं होतं. हरलीस तू."

मुलीने जीभ चावली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव आला आणि तो बघवेना. मी गप्प राहिलो असतो तर जिंकलो होतो. शाळेचं नावही कोणी काढलं नसतं.

"ती नाही हरली," मी म्हणालो. "मी कालच हरलो. काल दुपारी मी खाली जाऊन..."

"मोसंबी," मुलगी म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"बाल्कनीतून बघितलं. आई पण होती. आजोबांनी पृथ्वी खाल्ली."

बायको आपल्या हातातले पत्ते लावत बसली होती. वर बघत नव्हती, पण तिचे खांदे हलत होते.

"मग कालच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "कालच जिंकली असतीस की."

"मग आज तू दिवसभर तोंड पाडून बसला असतास. आणि पत्ते कोण खेळलं असतं?"

बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते सगळं धड्यासारखं झालं असतं. मी हातातला राजा फरशीवर टाकला.

"शाबास," ती म्हणाली. "आता येतंय तुला."

सोमवारी चहा झाला, पण शाळेत जागा विचारायला कोणी गेलं नाही. घरीच शिकायला मुलीने एकच अट घातली. देवघरातली घंटा आता जेवणाच्या टेबलावर असते. दुपार झाली, किंवा मी फार लांबलो, की ती वाजवते. त्यानंतर मी तिचा बाप असतो, बाकी काही नाही. परवा कुकरची शिट्टी झाली आणि मी तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा. ओट्याजवळ उभ्या असलेल्या बायकोने सवयीने हात जोडले.

खालचे आजोबा मला विचारत होते, तुमच्याकडे भरदुपारी रोज कसली आरती असते? मी सांगायला बाकावर बसलो. त्यांनी आधी माझे दोन्ही हात बघितले. रिकामे दिसल्यावर म्हणाले, "मग थोडक्यात सांग."